काकूजींचं ताट

॥ श्री ॥

दिल्ली कॅन्टोन्मेंट,
८ सप्टेंबर १९९६

चि. उदय यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिले ते रीत म्हणून. आज ते देताना हात जड झाला, हे आधीच सांगून टाकते. तुझा स्टुडिओ नोएडाला, माझं क्वार्टर इथे. मनात आणलं असतं तर दोन बस बदलून तुझ्यापुढे येऊन उभी राहिले असते. पण समोर आले की तू मला हसवणार आणि मूळ मुद्दा राहून जाणार. घरातलं भांडण तोंडानं करायचं नाही, कागदावर करायचं, म्हणजे निदान अक्षर तरी सुधारतं, हा आबांचा नियम तुझ्या लक्षात असेल. तो मी आज पाळते आहे.

गुरुवारी साडेआठला आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. भक्तीनं मैत्रिणींना बोलावलं होतं, कारण 'पडोसी पॉकेट सी के' ही तुझी मालिका संपताना पडद्यावर मामाचं नाव धावत जातं आणि ते तिला मोठ्यानं वाचायचं असतं. हेही युनिटमधून लवकर आले होते. सासूबाई नेहमीप्रमाणे खाली चटईवर बसल्या होत्या. आणि तुमच्या त्या फ्लॅटच्या जिन्यात नवीन कोण राहायला आलं, तर काकूजी. नऊवारी लुगडं, रुपयाएवढं कुंकू, मोडकीतोडकी हिंदी. नवरा लढाईवरून परतला नाही म्हणून रोज संध्याकाळी त्याच्या नावाचं ताट वाढून दाराबाहेर ठेवते. वरच्या मजल्यावरचा बिट्टू नावाचा रिकामटेकडा येतो, चोरून जेवतो, ढेकर देतो. म्हातारी रिकामं ताट बघते आणि हरखून साऱ्या बिल्डिंगला सांगत सुटते, 'आज ये आए थे.' मागून हसण्याची टेप. त्या टेपमध्ये हसणारी माणसं कुठून आणता रे तुम्ही? त्यांच्या घरी म्हातारं माणूस नसतं का?

तू विसरला असशील असं धरून पुढचं लिहिते. एकाहत्तरच्या डिसेंबरात मामंजी पश्चिम सीमेवर बेपत्ता झाले. पहिला कागद आला तो 'मिसिंग' असा. दुसरा आला, मृत मानण्यात येत आहे असा. तो सासूबाईंनी हातातसुद्धा घेतला नाही. तेव्हापासून पंचवीस वर्षं त्या कुंकू लावतात आणि दिवेलागणीला एक ताट जास्तीचं वाढतात. ते फुकट जात नाही. नवं पोस्टिंग झालेला, घरच्या आठवणीनं कासावीस झालेला कोणी ना कोणी पोरगा येतो आणि जेवून जातो. मुनिरक्याच्या खोलीत बसून तू यूपीएससीचा अभ्यास करत होतास तेव्हा दोन वर्षं दर बुधवारी आणि रविवारी ते ताट कोण खात होतं, हे मी सांगायला नको. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ पाहिले. ते मोजून वर टीव्हीवर दाखवणारा माझ्याच माहेरी निघावा, याचा मला संताप आला आहे.

उदय लिहितो तीच मालिका का ही, एवढंच सासूबाईंनी विचारलं. भक्ती हो म्हणाली. मग त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. हे बाहेर जाऊन बुटांना पॉलिश करत बसले, सकाळी केलेल्याच बुटांना. मला एवढंच हवं आहे की ती काकूजी पुढच्या गुरुवारी दिसता कामा नये. तिला गावी पाठव, आजारी पाड, काय वाटेल ते कर.

माझा लोभ आहे, तो टिकावा असं वागावंस.

तुझी,
कुसुमावतीताई


नोएडा, सेक्टर २२,
१५ सप्टेंबर १९९६

ती. सौ. ताईस,
धाकट्या उदयचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आलं. अक्षर खरंच सुधारलं आहे. आता रागावू नकोस, दोन दिवस मी ते खिशात घेऊन फिरतो आहे.

तुझ्या सासूबाई माझ्याही मावशीच; त्यांना दुखवावं असं स्वप्नातही माझ्या मनात नव्हतं. पण ताई, तिकडे अमेरिकेत 'पॉलिटिकल करेक्टनेस' म्हणून एक खूळ निघालं आहे. जाड्याला जाड्या म्हणायचं नाही, टकल्याला टकल्या म्हणायचं नाही, सगळ्यांशी पट्टीनं मोजून बोलायचं. ते खूळ आपल्याकडे आलं तर सरदारजी गेले, मारवाडी गेले, बंगाली बाबू गेले, मग मी गुरुवारी अर्धा तास काय दाखवू, हवामान? गावात शिमग्याला पाटलालासुद्धा शिव्या ऐकून घ्याव्या लागत, आणि कोणी फिर्याद करत नसे. टीव्हीवरचा विनोद म्हणजे आठवड्यातून अर्ध्या तासाचा शिमगा. एवढी मोकळीक त्याला असायलाच हवी, नाहीतर तो विनोद राहत नाही, हळदीकुंकू होतं.

आणि तू कोणत्या तोंडानं रागावतेस? जुलैत आमच्या मालिकेत मल्याळी नर्सबाई आली होती, जिला हिंदीतलं स्त्रीलिंग-पुल्लिंग कळत नाही. तेव्हा तू मला लिहिलं होतंस की हसून हसून पोट दुखलं, अजून आणा. ते पत्र माझ्याकडे आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कारटं, असं झालं हे.

शिवाय तुझ्या एक गोष्ट लक्षात आलेली नाही. चोरून जेवणारा बिट्टू कोण आहे? मी आहे. दोनदा मेन्सला आपटलेला, करोल बागच्या क्लासची फी बुडवलेला, दुसऱ्याच्या नावाचं ताट खाऊन ढेकर देणारा. मी विनोद केला तो माझ्यावर केला. मावशी फक्त शेजारी उभ्या होत्या. प्रोड्युसर मुरलीधरजी म्हणतात, काकूजी आल्यापासून मालिका उचलली गेली आहे. दिल्लीत सात वर्षं काढली, या आठवड्यात पहिल्यांदा एका अनोळखी माणसानं बसमध्ये शेजाऱ्याला तो प्रसंग हसत हसत सांगितला आणि मला ते ऐकायला मिळालं. त्याला सांगावंसं वाटलं की हे मी लिहिलंय. सांगितलं नाही. पण तेवढं सुख मला घेऊ दे.

उद्या गणपती बसतील. कोपर्निकस मार्गावर मराठी मंडळींच्या गणपतीच्या आरतीला मी जाणार आहे. तिथे भेटलीस तर मोदक घे, भांडण कागदावर ठेव. दाजींना आणि मावशींना नमस्कार, भक्तीला चॉकलेट देणं लागतो.

राग उतरला की ममता पूर्ववत चालू करावी, ही विनंती.

तुझा,
उदय


दिल्ली कॅन्टोन्मेंट,
२९ सप्टेंबर १९९६

चि. उदय यास,
आशीर्वाद.

आरतीला मी आले नाही ते मुद्दाम.

आधी तुझ्या शिमग्याचं बोलते, कारण तो वाचून मला दोन रात्री झोप नाही. शिमग्याला शिव्या पाटलाला देतात. ज्याच्यापुढे वर्षभर मान वर करता येत नाही त्याला एक दिवस ऐकवतात, म्हणून त्यात गंमत असते. गावात एकट्या राहणाऱ्या बाईच्या दारात जाऊन बोंब मारणाऱ्याला आबा काय म्हणाले असते ते तुला माहीत आहे. आणि शिमगा दुसऱ्या दिवशी संपतो, लोक आंघोळ करून कामाला लागतात. तुझा संपत नाही. चार गुरुवार झाले. कॅन्टीनच्या रांगेत मी पिशवी घेऊन उभी असते आणि मागून कोणीतरी हळूच म्हणतं, 'आज आए थे क्या?' भक्तीच्या वर्गात पोरांनी तिचं नावच काकूजी ठेवलं आहे. ती आता जेवणाचा डबा उघडत नाही, तसाच परत आणते.

नर्सबाईचं तू लिहिलंस ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे मी इतरांना ऐकवत आले, स्वतःवर कधी घेतलं नव्हतं. आमच्या भिंतीपलीकडे नायरबाई राहतात, मिलिटरी हॉस्पिटलात नर्स आहेत. जुलैपासून त्या आमच्याकडे येईनाशा झाल्या होत्या आणि मला वाटलं, ड्यूटी बदलली असेल. परवा मी त्यांच्याकडे गेले आणि सरळ विचारलं. त्यांनी चहा केला, मग सांगितलं. त्या गुरुवारी त्या केळ्याचे वेफर्स घेऊन आमच्या दाराशी आल्या होत्या. आतून टीव्हीवरच्या नर्सचा आवाज येत होता आणि त्यावर माझं हसणं. त्या वेफर्स घेऊन परत गेल्या. मी माफी मागितली. त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि दुसरा विषय काढला. तेव्हा माझं पत्र तुझ्याकडे आहे ते खुशाल ठेव. मी चुकले. म्हणून तू बरोबर ठरत नाहीस.

आता खरं कारण. सासूबाईंनी ताट वाढणं बंद केलं आहे. आज नववा दिवस. दिवेलागणी होते, त्या देवापाशी दिवा लावतात आणि आपल्यापुरतं वाढून घेऊन जेवतात. मी एकदा वाढून ठेवलं तर त्यांनी ते शांतपणे उचलून पातेल्यात परत घातलं. त्यात कालपासून पितृपक्ष लागला. समोरच्या सुभेदारीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की आता ताट थांबलंच आहे तर या वर्षीपासून श्राद्ध घालणार का. पंचवीस वर्षांत या घरात मामंजींच्या नावानं कावळ्याला घास ठेवलेला नाही, उदय. सरकारचा कागद जे करू शकला नाही ते तुझ्या अर्ध्या तासानं केलं. यांनी केबलवाल्याला बोलावून वायर कापून घेतली. मला एवढंच म्हणाले की वडील दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतंय. हे एवढं वाक्य यांच्या तोंडून बारा वर्षांत ऐकलं नव्हतं.

विष्णू नावाचा बीडकडचा पोरगा यायचा, एकोणीस वर्षांचा, आमटी ओरपून खायचा. तोही फिरकत नाही.

तू स्वतःवर विनोद केलास म्हणतोस. मग हसताना लोक तुझ्याकडे का बघत नाहीत, माझ्या सासूकडे का बघतात?

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

ताई


नोएडा,
६ ऑक्टोबर १९९६

ती. सौ. ताईस,
उदयचा शि. सा. न.

तुझं पत्र मी ऑफिसात फोडलं, ते चुकलं. भक्तीच्या डब्याचं वाचल्यावर मी गच्चीवर गेलो. तिथेही लाइटवाली पोरं समोसे खात एकमेकांना 'आज ये आए थे' म्हणत होती. पहिल्यांदा ते मला दुसऱ्या कोणीतरी लिहिल्यासारखं ऐकू आलं.

बुधवारी मुरलीधरजींसमोर विषय काढला. सगळी मीटिंग बसली होती. मी म्हटलं की काकूजींचं पात्र काढून टाकायचं आहे, एका खऱ्या बाईंना त्याचा त्रास होतो आहे. त्यांनी प्रेमानं खांद्यावर हात ठेवला आणि मला समजावलं की कॉमेडी म्हणजे कॉमेडी, तिथे कोणाच्या भावना बघत बसायच्या नसतात, प्रेक्षकांनी मन मोठं ठेवायला शिकलं पाहिजे. ताई, हे मी तुला लिहिलेलंच वाक्य होतं, फक्त हिंदीत. ऐकताना माझे कान तापले.

पण पुढचं ऐक. त्याच मीटिंगमध्ये, पाचच मिनिटांनी, दुसरा विषय निघाला. पुढच्या भागात एक प्रसंग आहे, कुकरची शिट्टी वाजते आणि बिट्टू घाबरून पलंगाखाली शिरतो. आमचा कार्यक्रम एका कुकर कंपनीच्या पैशावर चालतो. त्यांच्याकडून निरोप आला होता की यामुळे कुकरविषयी भीती पसरेल. दोन वाक्यांचा निरोप. लगेच प्रसंग कापला. कोणी मन मोठं ठेवा म्हणालं नाही. मग मी आठवून बघितलं. मंत्र्यावरचा विनोद मे महिन्यात कापला. बिल्डरवरचा कापला, कारण चॅनेलच्या साहेबांनी गुडगावात फ्लॅट बुक केलाय. म्हणजे विनोदाला मोकळीक नाहीच आहे. पट्टी आहे, आणि ती रोज लावली जाते. जो फोन करू शकतो त्याला भावना असतात. मावशींकडे फोन नाही. मी मूर्खासारखा तुला स्वातंत्र्यावर व्याख्यान दिलं आणि इथे कुकरला मावशींपेक्षा जास्त मान आहे. मी हे तिथे बोललो, आवाज चढवून बोललो. हेमलताजी, आमच्या चॅनेलच्या बाई, त्यांनी मधला मार्ग काढला. मराठी लोकांचं ऑब्जेक्शन असेल तर काकूजींना राजस्थानी करू, लुगड्याऐवजी घागरा. सगळ्यांनी मान डोलावली. प्रॉब्लेम सुटला म्हणे.

याहून वाईट सांगायचं राहिलं आहे. दिवाळीचा स्पेशल भाग ठरला आहे, एक तासाचा. त्यात काकूजींचा नवरा खरोखर परत येतो. जिन्यात उभा राहतो आणि म्हातारी त्याला चोर समजून लाटण्यानं बदडते. तो मी लिहायचा आहे. मी नाही म्हटलं. मुरलीधरजी म्हणाले की हरकत नाही, दुसरा लिहील, काकूजी काही तुमच्या मालकीची नाही. खरं आहे ते. मी मावशींना उचलून त्यांच्या हवाली केलं आणि आता परत मागायला गेलो तर ते पावती मागतात. मी इथे राहिलो तरी तो भाग होणार, गेलो तरी होणार.

घरी यायचं धाडस होत नाही. दाजींसमोर काय तोंड घेऊन उभा राहू? मावशींना एवढंच सांग की मी माफी मागितली आहे. ताट पुन्हा सुरू व्हावं म्हणून मी काय करू ते सांग. काहीही करीन.

लोभ मागायचा हक्क राहिलेला नाही, तरी मागतो.

उदय


दिल्ली कॅन्ट
13 ऑक्टोबर 1996

प्रिय मामा,
नमस्ते. आजी बोलतेय, मी लिहितेय. आजी म्हणाली की मम्मीला मध्ये मध्ये बोलू द्यायचं नाही, म्हणून आम्ही मागच्या व्हरांड्यात बसलोय. माझं मराठी वीक आहे, समजून घे. आता आजी सुरू.

चि. उदयसिंहास तानूबाईचा आशीर्वाद.

तुझी सगळी पत्रं सूनबाईनं मला वाचून दाखवली. तिनं रडत वाचली, मी नीट ऐकली. माफी पोचली. मी रागावले नाही असं तुला कोणी सांगितलं तर खोटं समज. मी रागावले आहे.

हसले म्हणून नाही. माझ्या लुगड्याला इथं अकरा वर्षं हसतात. मी पण इथल्या बायकांच्या उंच चपलांना हसते, फिटंफाट होते. माझा राग दुसरा आहे. तुझी ती म्हातारी रिकामं ताट बघते आणि म्हणते नवरा येऊन गेला. मी असं कधी म्हटलं? मी काय (आजीनं एक वर्ड वापरला, मला लिहायला येत नाही, मीनिंग पागल असं आहे) वाटले तुला? ताट कोण खातं ते मला ठाऊक असतं. मीच समोर बसते, मीच विचारते आमटी देऊ का. तुला पण विचारली आहे, दोन वर्षं.

मालक तिकडं कुठल्या तुरुंगात असतील तर त्यांना कोणीतरी भाकरी देत असेल. भाजणारी पण कोणाची तरी आई असेल. तिला माझ्या हातनं काही पोचत नाही. म्हणून मी इथं दुसरीच्या लेकाला वाढते. मी इथलं पोर उपाशी ठेवलं नाही तर तिकडची त्यांना ठेवायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात असतं. तू इतक्या वेळा जेवलास, पण हे ताट कशासाठी ते एकदा पण विचारलं नाहीस. आपल्या मनानं ठरवलंस आणि टीव्हीला लावलंस. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. मग हसवलं असतंस तरी खऱ्यावर हसवलं असतंस.

सूनबाईला वाटतं मी लाजेनं ताट बंद केलं. माझ्या लेकाला, हिंदुरावाला, वाटतं मी आशा सोडली. दोघं पण मला विचारत नाहीत. विष्णू आला होता. दारात बूट काढत होता, तेवढ्यात बाहेरून त्याचे सोबती बिट्टू बिट्टू ओरडले. पोरगं लाल झालं. पोट भरलंय म्हणालं. त्याचं पोट भरलेलं नव्हतं, मला कळतं. दुसऱ्या दिवशी दुसरा आला, त्याचं पण तेच. चार दिवस ताट तसंच राहिलं. अन्न वाया घालवणं माझ्यानं होत नाही, म्हणून थांबले. मला काकूजी म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, मी वाढायला तयार आहे. खाणारा चोर ठरतो, म्हणून कोणी खायला बसत नाही. तुझ्या टीव्हीनं माझं हे नुकसान केलं.

नोकरी सोड असं मी सांगणार नाही, ते तुझं तू बघ. दिवाळीत ते लोक मला लाटणं देणार, देऊ देत. केबल नाही आता आमच्याकडे.

पण तू म्हणालास ना, काहीही करीन. आणि बिट्टू म्हणजे मीच, असं पण लिहिलंस. तर मग येत्या रविवारी ये. अंधार पडल्यावर लपत येऊ नको, पोरं मैदानावरून परततात तेव्हा उजेडात ये. मी दाराबाहेर पाट मांडते, आत नाही. पोरं ओरडतील, मोठी माणसं पण हसतील, इथं टेप लावायला लागत नाही. तू उठायचं नाही. पोटभर जेवायचं, मागून घ्यायचं. ज्यानं टीव्हीत लिहिलं तोच येऊन बसला, हे बघितलं की विष्णू पण बसेल, मग बाकीचे बसतील.

आणि पहिला घास घेण्याआधी मला मोठ्यानं विचार की मावशी, हे ताट कशासाठी वाढलंय. एवढ्या मोठ्यानं की रस्त्यापर्यंत गेलं पाहिजे. मी पण तेवढ्याच मोठ्यानं सांगीन.

तुझ्यावर लोभ ठेवायचा की नाही ते रविवारी जेवण झाल्यावर सांगते.

तानूबाई, हिंदुरावाची आई